जुगाराच्या मांगामध्ये (जपानी कॉमिक्समध्ये) असं काय असतं की हातातून सुटतच नाही?

पानउलट
मला जुगाराचं काडीचंही आकर्षण नाही, पैसे लावून कधी पत्ते खेळलो नाही आणि खेळायचेही नाहीत. तरी सध्या फुकुमोतोची 'काइजी' ही मांगा मालिका वाचतोय, कर्जात बुडालेल्या काइजी नावाच्या पोराची, आणि रात्री झोपायची शुद्ध राहत नाहीये. मारामारीच्या मांगात निदान कोणीतरी उडतंय, आपटतंय, इथे दोन माणसं समोरासमोर बसून पानंच्या पानं नुसता विचार करतायत आणि छाती माझी धडधडतेय. नेमकं काय पकडतं आपल्याला? पैसा? मरायची भीती? ज्यांनी या प्रकारातलं बरंच वाचलंय त्यांनी सांगा ना. जहाजावरचा खेळ आणि ई-कार्ड हा बादशहा-गुलामाच्या पत्त्यांचा खेळ, एवढं वाचून झालंय, त्याच्या पुढचं फोडू नका प्लीज.

चौथाडाव
माझ्या मते पैसा नाही, नियम. जहाजावरचा खेळ आठव, दगड-कागद-कात्री, जो लहान मुलंही खेळतात. त्यात फुकुमोतोने केलं काय, तर प्रत्येकाला १२ पत्ते दिले, तिन्हीचे चार-चार, आणि पणाला लावायला तीन तारे. पत्ता एकदा वापरला की संपला, आणि चार तासांनी हातात एकही पत्ता उरता कामा नये आणि तारे मात्र किमान तीन हवेत. एवढ्याने नशिबाचा खेळ हिशेबाचा होतो, कारण हॉलमध्ये कुठले किती पत्ते शिल्लक आहेत ते बोर्डावर सगळ्यांना दिसतंय, म्हणजे कोणी एकाच प्रकारचे पत्ते साठवायला लागला तर ते पकडता येतं, मग तारे विकत घेता येतात, पत्ते विकता येतात, टोळ्या बनतात आणि बघता बघता तिथे अख्खा बाजार उभा राहतो. आणि हे सगळं आपल्याला काइजीइतकंच माहीत असतं! लेखकाने काही लपवलेलं नसतं, पळवाट त्या नियमातच होती, फक्त आपल्याला दिसली नव्हती. फुनाई नावाचा दुसरा खेळाडू येऊन गोड बोलतो की आपण दोघं सगळे डाव बरोबरीत सोडवू, पत्ते संपतील, तारे तसेच राहतील, तेव्हा वाचताना आपणही मान डोलावतो की नाही? मी तर डोलावली होती. डिटेक्टिव्ह कथेत उत्तर शेवटी कळतं, इथे चूक केली तर पुढच्याच पानावर तारा जातो.

नदीकाठ
नियमांचं पटलं पण ते अर्धंच. कर्जाकडे बघा. सुरुवातीला काइजीच्या घरी तो वसुलीवाला येतो, सहकाऱ्याला जामीन राहिल्यामुळे ३ लाख येनचे ३८.५ लाख झालेत म्हणून. मला वाटलं लेखकाने उगाच आकडा फुगवलाय, म्हणून मांडून बघितलं, महिना २० टक्के चक्रवाढ, १४ महिने, तर तंतोतंत तेवढेच येतात. जहाजावर दिलेलं कर्जही दर दहा मिनिटांना दीड टक्का, चार तासांत साधारण ४० टक्के वर जातं.

आणि हे १९९६ मध्ये सुरू झालं हे विसरू नका. जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटून गेला होता, कॉलेज संपवून बाहेर पडणाऱ्यांना पक्की नोकरी मिळत नव्हती आणि कायदेशीर सावकारसुद्धा तेव्हा वर्षाला जवळपास ४० टक्के व्याज लावू शकत होते, ती मर्यादा २० टक्क्यांवर पूर्णपणे यायला २०१० उजाडलं. म्हणजे ज्यात हे छापून यायचं ते 'यंग मॅगझिन' वाचणाऱ्या पोरांना काइजी हा काल्पनिक प्राणी वाटत नव्हता. आळशी आहे, भित्रा आहे, दुसऱ्याच्या गाड्यांवर राग काढतो, पण भिंतीला पाठ लागली की त्याचं डोकं लख्ख चालतं. मला तरी ओढ त्याचीच आहे. ई-कार्डमध्ये गुलाम बादशहाला हरवतो कारण त्याच्याकडे गमवायला काही नाही, अख्खी मालिका त्या एका नियमात आहे.

सावकाशवाचा
वेळेबद्दल कोणीच बोललं नाही. फुकुमोतोच्याच 'अकागी' या मांगामध्ये नायक अकागीची वाशिझू नावाच्या म्हाताऱ्याबरोबरची एका रात्रीची माहजोंगची (सोंगट्यांच्या खेळाची) मॅच आहे, ती मासिकात सुमारे २० वर्षं चालली. एक रात्र! त्यात प्रत्येक प्रकारच्या चार सोंगट्यांपैकी तीन पारदर्शक, म्हणजे समोरच्याचा बराचसा हात उघडा दिसतो, आणि अकागी पैशांऐवजी स्वतःचं रक्त लावतो. एक सोंगटी टाकायला एक चॅप्टर लागतो कारण टाकण्याआधी मनात काय काय झालं ते सगळं दाखवायचं असतं, घाम, लांबुडकी नाकं, मागे पसरत जाणारं 'झावा झावा' हे अस्वस्थ कुजबुजीचं अक्षर. शेवटी शेवटी ताणलंय हे मान्य, पण माणूस निर्णय घेतो त्या क्षणाच्या आत असं शिरलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. माहजोंग येत नसेल तरी चालतं.

पानउलट
नदीकाठ, ते व्याजाचं गणित मी आत्ता करून बघितलं, अंगावर काटा आला. मग काकेगुरुई ही दुसरी जुगाराची मांगा कशी आहे? तिथे तर शाळेतल्या श्रीमंत घरच्या मुली आहेत, गमवायचं काय त्यांना?

चौथाडाव
तिथे उलटं आहे. नायिका युमेकोला जिंकायची पडलेली नाही, तिला धोकाच हवा असतो. चित्रं जबरदस्त आहेत, पण मला ते लवकर सपाट वाटलं, कारण जिला हरायची भीती नाही तिच्यासाठी मी का घाबरू. त्यापेक्षा वन आउट्स ही मांगा घे, 'लायर गेम' ही मांगा काढणाऱ्या काइतानीचीच आहे, बेसबॉलची. पिचरचा मालकाशी करार असतो, प्रत्येक आउटला ५० लाख येन मिळणार आणि प्रत्येक रन दिली की ५ कोटी कापणार. म्हणजे दहा आउटची कमाई एका रनमध्ये साफ.

नदीकाठ
काकेगुरुईबद्दल असहमत. हरलेल्यांना तिथे पाळीव प्राणी करून टाकतात, गळ्यात पाटी आणि सगळ्या शाळेसमोर अपमान, ते कर्जापेक्षा कमी आहे का? पण पानउलट, तू आधी काइजीच पुढे वाच, चिंचिरोच्या फाशांपर्यंत पोच आणि मग इथे ये, त्यावर मला खूप बोलायचंय.