मदत हवी आहे: मशीनसाठी कर्ज काढू, की आधी अडकलेली उधारी सोडवू?

मंडळी, भोसरी एमआयडीसीत आम्हा दोघा भावांचं मशिनिंगचं छोटं युनिट आहे. भागीदारी फर्म, उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी आहे, उलाढाल वर्षाला दोन कोटींच्या आसपास. चाकणची एक मोठी कंपनी आमची मुख्य ग्राहक. त्यांनी नवीन पार्टचं काम देऊ केलंय, पण त्यासाठी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घ्यावी लागेल. सगळं धरून ३५ लाख.

खरी ओढाताण रोजच्या पैशांची आहे. मटेरियल आम्हीच आणतो, जवळपास रोखीनेच. ग्राहकाचं पेमेंट मात्र ९० दिवसांनी. म्हणजे कधीही पाहा, ५० लाख बाहेर अडकलेले. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत लागतील तसे पैसे काढायची सोय) २५ लाखांची, ती कायम काठोकाठ. पगाराची तारीख जवळ आली की भाऊ मशीन सोडून त्यांच्या अकाउंट्सला फोन लावत बसतो.

लिमिट वाढवून मागितली तर बँक वडिलांचं घर तारण मागते. सीजीटीएमएसईची (छोट्या उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून बँकेला हमी देणारी सरकारी योजना) हमी एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत झाली आहे, पण विषय काढला की "बघू" एवढंच उत्तर. वडिलांनी नोकरीची पुंजी घालून बांधलेलं घर मला गहाण टाकायचं नाही. एक एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) नुसत्या मशीनच्या तारणावर कर्ज द्यायला तयार आहे, पण व्याज बरंच जास्त. मामा १५ लाख देतो म्हणतात, बदल्यात भागीदारी हवी. भावाला ते पटतंय, मला नाही.

२५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर (ग्राहकाने मान्य केलेल्या बिलावर बँकांकडून लगेच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) नोंदणी सक्तीची आहे आणि आमचा ग्राहक त्यात बसतो. पण त्यांनी तिथे बिल मान्य केल्याशिवाय आम्हाला पैसे मिळत नाहीत, आणि मान्य करण्याची सक्ती नाही. कोणी आपल्या ग्राहकाला राजी केलंय का? छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायला लावणाऱ्या कायद्याखाली तक्रार करता येते, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याजही मागता येतं, पण निम्म्याहून जास्त काम त्यांचंच. तक्रार करून काम टिकलेलं कोणी आहे का?

प्रतिसाद:
दादा, काही झालं तरी मशीनचे पैसे सीसीतून काढू नका. मशीनला मुदत कर्जच घ्या, नाहीतर मटेरियलला पैसा उरणार नाही.

लिमिटचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीने छोट्या उद्योगांसाठी सुचवलेल्या नियमाने अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल मिळायला हवं. दोन कोटींवरच ४० लाख होतात. नवीन कामाची उलाढाल धरून प्रोजेक्शन द्या. त्या नियमात मटेरियल घेतल्यापासून पैसे हातात येईपर्यंत तीनच महिने धरलेत, तुमची तर नुसती उधारीच तीन महिन्यांची. हे लेखी मांडा आणि हमी योजनेची मागणीही लेखीच करा. तोंडी बोलण्याला "बघू"च ऐकायला मिळतं. एक लक्षात ठेवा, ९० दिवसांहून जुनी बिलं बँका सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये (माल आणि उधारी पाहून सीसीतून प्रत्यक्ष काढता येणारी रक्कम) धरत नाहीत.

मामांचे पैसे कर्ज म्हणून घ्या, बँकेतूनच, रोख नको. बँकेचं कर्ज फिटेपर्यंत आपले पैसे काढणार नाही असं मामांनी लिहून दिलं तर बऱ्याच बँका ते तुमचं मार्जिन (मशीनच्या किमतीतला स्वतःचा वाटा) धरतात. भागीदारीचा विषय तिथेच मिटेल.

ट्रेड्सची अट आत्ताच घाला, नवीन पार्टचा दर ठरायच्या आधी. त्यांना तुमची गरज आहे तोवरच परचेसवाले ऐकतील. ऑर्डर लेखी आली आहे का अजून?