बिझनेस अँड सर्व्हिस मॅनेजमेंट शिकायला फिनलंड? तेही बेळगावातलं घर तारण ठेवून?

अनगोळकर (धागा सुरू करणारे)
पुतणीची पीयूसी (बारावी) कॉमर्स झाली, मार्क चांगले आहेत. आता फिनलंडला जायचं म्हणते. बिझनेस अँड सर्व्हिस मॅनेजमेंट, इंग्रजीतून, साडेतीन वर्षांची पदवी. एजंटानं घरी येऊन रंगीत पत्रकं पसरली, भाऊ भुलला.

हिशोब मी मांडला. फी वर्षाला 10,000 युरोच्या घरात. राहण्याखाण्यासाठी महिन्याला 800 युरो खात्यात दाखवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तरी वर्षाला वीस लाखांला टेकतं. पूर्ण पदवीचे पासष्ट लाखांच्या वर, विमान आणि विमा वेगळा. शहापुरातलं घर तारण जाणार. फिनलंडच्या पोरांना आणि युरोपियन युनियनवाल्यांना हेच शिक्षण फुकट. फी 2017 पासून आपल्यासारख्या बाहेरच्यांनाच लावलीय.

बरं, विषय तरी काय? गिऱ्हाईकाला खूश कसं ठेवायचं! खडेबाजारातला साडीवाला शंभर साड्या उलगडून दाखवतो, एक घेतली तरी हसून चहा पाजतो. त्यानं कुठली पदवी घेतलीय? माझा साफ विरोध आहे. बोला.

वडगावची, सध्या तांपेरे
काय ओ काका, असं कसं म्हणूलात? मी इथं फिनलंडात हेच शिकूलोय, दुसरं वर्ष. हसून चहा पाजणं हा कोर्स नव्हे.

मागच्या सत्रात एका हॉटेलच्या नाश्त्याचा नकाशा काढायला लावला होता. वरच्या ओळीत पाहुणा काय करतो ते, मध्ये रेघ, रेघेखाली त्याला न दिसणारं सगळं: स्वयंपाकघर, भांडी, दूधवाला, रात्रपाळी. तक्रार होती कॉफी कडवट लागते म्हणून. शोधत खाली गेलो तर मशीन धुतल्याची नोंद रात्रपाळीच्या वहीत आठवडाभर कोरी. पाहुण्यासमोर उभा असलेला पोरगा बिचारा उगाच शिव्या खाऊलाय. साडीवाल्याचं एकच दुकान असतं तोवर सगळं त्याच्या डोक्यात मावतं. चार शाखा झाल्या की मग?

फीचं म्हणाल तर पहिल्या वर्षी ठरलेली क्रेडिट्स (अभ्यासाचे गुण) पुरी केली की बऱ्याच ठिकाणी पुढच्या वर्षी सवलत मिळते. एजंट हे सांगत नाही.

उद्यमबागवाला
विषयाच्या बाजूनं बोलतो, कारण आमचं पोट त्यावर आहे. हायड्रॉलिक सिलिंडर करतो. माल नंबर एक. पण लुधियानात सील फुटलं की फोन कुणी उचलायचा, सुटा भाग किती दिवसांत पोचवायचा, बिल लावायचं की वॉरंटीत घालायचं, यावर आमच्याकडं अजून आरडाओरड चालते. मशीन एकदाच विकतं, सर्व्हिस दहा वर्षं विकते. हे सांभाळणारी पोरं इथं मिळत नाहीत.

पण त्यासाठी फिनलंड? इथं बीबीए करू दे, दुपारी आमच्यासारख्याच्या ऑफिसात बसू दे. तीन वर्षांत तयार होईल.

वाणिज्य शिकवणारी
फिनलंडच का, याला उत्तर आहे. सेवाक्षेत्राचा वेगळा अभ्यास ज्यांनी उभा केला त्यात ख्रिस्तियन ग्रोनरूस मोठं नाव, हेलसिंकीच्या हँकेन स्कूलचे. 'नॉर्डिक स्कूल' म्हणतात ती विचारधारा तिकडचीच. आता हेही सांगते, पुतणीच्या कोर्सला ते शिकवणार नाहीत. आणि सेवेचा दर्जा मोजायची सर्व्हक्वाल पद्धत, 1988 ची, आपल्या परसुरामन यांनी दोघांबरोबर मांडलेली, ती मी इथंच वर्गात शिकवते. पुस्तकं तीच आहेत. फरक प्रात्यक्षिकाचा. तिथं 210 पैकी 30 क्रेडिट्स इंटर्नशिपची, म्हणजे साधारण पाच महिने खरं काम. आमच्याकडं इंटर्नशिपचं सर्टिफिकेट ओळखीनं मिळतं, खोटं कशाला बोलू?

निवृत्त बँकवाला
कर्जाचं सांगतो, भावनेत अडकू नका. साडेसात लाखांपर्यंत विनातारण मिळू शकतं, त्यावर तारण. शेताची पहाणी (आपला सातबारा) घेऊन येतात लोक, शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला धरत नाहीत. घर हवं, ई-खाता (मालकीचा ऑनलाइन उतारा) सगळ्या वारसांच्या नावांसकट स्वच्छ हवा. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं. भरता आलं तर तेवढं तरी भरत राहावं.

निपाणीचा
घर गहाण टाकण्याआधी पुणे-कोल्हापूर बघा की. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात सीमाभागाचा वेगळा प्रकार आहे. आपल्या लोकांनी इतकी वर्षं भांडून मिळवलेलं, आणि आपलीच पोरं अर्ज भरत नाहीत.

खानापूरची आई
एक विचारू? पुतण्या इंजिनिअरिंगला जर्मनीला निघाला असता तर हा धागा आला असता का?

अनगोळकर
ताई, आला असता, पण इतका लांब नसता, हे मान्य. माझी मुख्य शंका नोकरीची. तिथंच नोकरी लागली नाही तर इथल्या पगारात पासष्ट लाख कसे फिटणार? वडगावच्या पोरी, तू खरं सांग.

वडगावची, सध्या तांपेरे
खरं सांगते. शिकताना आठवड्याला सरासरी तीस तास काम करायला परवानगी आहे, पण काम मिळायला हवं ना. सध्या बेकारी वाढलीय. पेपर टाकणं, सफाई, डिलिव्हरी यालाही रांग. पदवीनंतर नोकरी शोधायला दोन वर्षांचा परवाना मिळतो, तो खरा आधार.

पण आमचा विषयच गिऱ्हाईकाशी बोलायचा. कोडिंगवाला इंग्रजीवर निभावून नेतो. हॉटेलात, दवाखान्यात, विम्याच्या ऑफिसात समोरची आजी फिनिशच बोलणार. वर्गातल्या ज्यांनी पहिल्या महिन्यापासून भाषा धरली त्यांना इंटर्नशिप मिळाली, बाकीचे अजून मेल पाठवूलेत. आपल्याला मराठी-कन्नड-हिंदी एका दमात बोलायची सवय आहे, भाषेला घाबरायचं कारण नाही. पण इंग्रजी कोर्स आहे म्हणून भाषा नको, असं एजंट सांगत असेल तर त्याला घराबाहेर काढा.

उद्यमबागवाला
हे पटलं. तरी माझा मुद्दा तसाच. इथं काम करून बघितल्याशिवाय पासष्ट लाखांचा विषय आवडतो की नाही ते कसं कळणार?

अनगोळकर
इंग्रजी पदव्यांचे अर्ज तिकडं जानेवारीत भरतात म्हणे. तोवर सहा महिने आहेत. फिनिशचे ऑनलाइन वर्ग लावतो आणि तिला तुमच्याकडं पाठवतो, तक्रारींचे फोन घ्यायला. माझा विरोध आहे तसाच आहे. पगार मात्र द्या, फुकट राबवू नका.

उद्यमबागवाला
देतो की ओ. सोमवारी नऊला पाठवा. कन्नड येतं ना तिला? हुबळीची गिऱ्हाइकं तिच्याकडंच लावतो.