मदत हवी आहे: काम सांभाळून पेन मेडिसिन (वेदनांवरचे उपचार) शिकायचंय

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्यात फिजिओथेरपिस्ट आहे, ११ वर्षं झाली. भातलावणीनंतर कंबर धरून येणाऱ्या बायका, जाळी ओढून खांदा धरलेले खलाशी, काजू फॅक्टरीत दिवसभर बसून मान अवघडलेल्या मुली. यातल्या काहींचा एमआरआय जवळजवळ नॉर्मल असतो, पण रात्री झोप नसते. परवा एका काकींनी विचारलं, "रिपोर्टात काय नाय, मगे दुखता कित्याक?" इजा दिसत नसली तरी वेदना खरीच असते, हे आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेच्या २०२० च्या व्याख्येतही आहे. ते मी सांगितलं. पण पुढचे उपचार नीट आखायला माझं शिक्षण अपुरं पडतं, आणि ते मनाला फार लागतं.

म्हणून दूरस्थ पदव्युत्तर अभ्यासक्रम बघतेय. एडिनबरा विद्यापीठाचा ऑनलाइन एमएस्सी आहे, सिडनी विद्यापीठातही वेदना व्यवस्थापन शिकवतात. ब्रिटनमध्ये ६० क्रेडिटला सर्टिफिकेट, १२० ला डिप्लोमा, १८० ला मास्टर्स, त्यामुळे आधी सर्टिफिकेटच करावं असं वाटतं.

कुणी केलंय का? दवाखाना आणि घर सांभाळून आठवड्याला खरोखर किती तास द्यावे लागले? पावसात इथे वीज आणि रेंज दोन्ही जातात, लेक्चर नंतर बघता येतात का? आणि डॉक्टर नसलेल्यांना त्याचा रोजच्या कामात किती उपयोग झाला, तेवढं जरूर लिहा. फीसाठी शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तेही सांगा.