एकरंगी फ्लायची अदलाबदल: पांढरा रंग निवडला आहे, साहित्य आणि बांधणीविषयी सल्ला हवा आहे

प्रश्न

आमच्या गटाने यंदाच्या अदलाबदलीसाठी एकरंगी फ्लाय (गळावर पिसे आणि धागे बांधून केलेले मासेमारीचे आमिष) हा विषय ठरवला आहे. आम्ही बारा जण आहोत. प्रत्येकाने एकाच नमुन्याच्या बारा फ्लाय बांधून संयोजकाकडे द्यायच्या आणि त्याने त्या अशा वाटायच्या की प्रत्येकाकडे बारा निरनिराळे नमुने जातील. शेपटीपासून डोक्यापर्यंत, दोऱ्यासकट, सर्व साहित्य एकाच रंगाचे असावे असा नियम आहे. गळाच्या धातूला तेवढी सूट आहे.

मी पांढरा रंग घेतला असून १० क्रमांकाच्या गळावर वूली बगर हा नमुना बांधण्याचा विचार आहे. माझ्या शंका दोन आहेत. पांढरे साहित्य ओले झाल्यावर आतला गळ दिसू लागतो आणि डोक्यावर वार्निश लावताच दोरा करडा पडतो, यावर उपाय काय? आणि सगळेच पांढरे असल्यावर फ्लाय सपाट, निर्जीव दिसणार नाही, यासाठी काय करावे? मिळणाऱ्याने ती डबीत ठेवून न देता पाण्यात वापरावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिला प्रतिसाद

नमुन्याची निवड योग्य आहे. रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ साली पेनसिल्व्हेनियात बांधलेल्या या फ्लायमध्ये मॅराबूची (मऊ, भुरभुरीत पिसांची) शेपटी, शेनीलचे (लवदार दोरीचे) अंग आणि त्यावरून फिरवलेले हॅकल (कोंबड्याचे लांब पीस) असे तीन अगदी वेगळ्या स्वभावाचे पदार्थ एकत्र येतात. एकरंगी फ्लायमध्ये रंगाचे काम पोताला करावे लागते, आणि तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मला तरी यातच दिसते. मॅराबू प्रवाहाच्या किंचित स्पर्शानेही हलते, शेनील प्रकाश अडवते आणि हॅकलचे तंतू कडेने प्रकाश आरपार जाऊ देतात. त्यामुळे एकाच पांढऱ्यातून उजेड, सावली आणि अर्धपारदर्शक कडा अशा तीन छटा आपोआप उमटतात. शेपटीत पांढऱ्या चमकदार तंतूंचे दोनच धागे मिसळले तर चौथीही मिळेल, पण त्याहून अधिक घालू नका. चमक वाढली की मॅराबूची हालचाल नजरेआड होते.

हॅकल तुटू नये म्हणून त्यावरून उलट दिशेने तार फिरवण्याची पद्धत आहे. तुमच्या नियमात चंदेरी तार बसणार नाही, म्हणून पांढऱ्या दोऱ्याचे दोन पदर एकत्र पिळून तेच फिरवा. मजबुती पुरेशी मिळते आणि तंतूंमध्ये ते दिसतही नाही.

दुसरा प्रतिसाद

गळ दिसू लागण्याच्या अडचणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण फिक्या रंगांची खरी परीक्षा तिथेच होते. रेशीम किंवा रेयॉनच्या धाग्याने पाणी शोषले की तो पारदर्शक होतो आणि खालचा धातू गडद पट्ट्यासारखा उमटतो. म्हणून फिक्या रेशमाचे अंग असलेल्या सामन माशांच्या पारंपरिक फ्लाय बांधणारे आधी गळाच्या दांड्यावर पांढरा थर देत आणि मगच रेशीम गुंडाळत. तुम्हीही दांड्यावर पांढऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याचे दोन सलग थर द्या. वजनासाठी तार गुंडाळणार असाल तर तीही याच थराखाली पूर्ण झाकली गेली पाहिजे. शेनीलच्या फटींतून ती करडी दिसली, तर एवढ्या काळजीने जमवलेला पांढरा रंग वाया जातो.

दोऱ्याचे मेण हे डाग पडण्याचे दुसरे कारण आहे. मेण न लावलेला दोरा घ्या, आणि त्या बैठकीत काळे किंवा ऑलिव्ह रंगाचे साहित्य मेजावर ठेवूच नका, कारण रंगवलेल्या पिसांची बारीक पूड बोटांवरून पांढऱ्या मॅराबूवर सहज जाते. डोक्यासाठी पाण्यावर आधारित पातळ वार्निश वापरा आणि ते सुईच्या टोकाने फक्त शेवटच्या गाठीवर लावा. साधे वार्निश दोऱ्यात मुरते आणि तो पारदर्शक होतो. करडेपणा येतो तो त्यामुळेच.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नैसर्गिक पांढऱ्या हॅकलमध्ये बहुधा सायीची झाक असते, तर रंगवलेल्या काही साहित्यात उजळपणा आणणारी द्रव्ये असल्याने ते दिवसाच्या प्रकाशात निळसर दिसते. दिव्याखाली दोन्ही सारखीच वाटतात. शेपटी, अंग आणि हॅकल यांचे तुकडे ओले करून खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवा आणि जुळतील तेवढेच घ्या.

तिसरा प्रतिसाद

ही फ्लाय पाण्यात वापरली जावी हा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि एका रंगामुळे त्यात काहीच उणे पडत नाही. फ्रँक सॉयर यांची फेझंट टेल निम्फ (पाण्यातल्या कीटकाच्या अळीसारखी फ्लाय) तर केवळ फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार एवढ्यावर उभी आहे. त्यांनी त्यात दोराही वापरला नाही, आणि ती आजही जगभर वापरात आहे. पाण्याखाली खेचली जाणारी पांढरी बगर लहान माशाचा भास देते. गटातील कोणी लाल निवडला असेल तर त्यांना एवढे सांगा, की पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे खोलवर ती फ्लाय काळपट दिसेल. अशा फ्लायचा आकार तेवढाच ठळक असायला हवा.

बाराही फ्लाय सारख्या दिसाव्यात यासाठी एकेक फ्लाय पूर्ण करत जाण्यापेक्षा साहित्य आधीच निवडून ठेवणे बरे. शेपटीची लांबी दांड्याएवढी ठरवा, हॅकलचे तंतू गळाच्या उघडीच्या (टोक आणि दांडा यांमधील अंतराच्या) सुमारे दीडपट असलेलीच पिसे बाजूला काढा आणि शेनीलचे तुकडे एकाच मापाचे कापा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबायचा असेल तर बांधणीपूर्वीच दाबा, कारण त्या वेळी गळ मोडला तर नुकसान केवळ गळाचेच होते.

वार्निश पूर्ण वाळल्याशिवाय फ्लाय डबीत भरू नका आणि डबी कडक घ्या, म्हणजे हॅकल चेपणार नाही. चेपलेच तर क्षणभर वाफेवर धरल्यास तंतू पुन्हा उभे राहतात, हे मिळणाऱ्यालाही कळवा. प्रत्येक गळाच्या वाकात कागदाची लहान चिठ्ठी अडकवा आणि तिच्यावर नमुन्याचे नाव, गळाचा क्रमांक, साहित्य आणि आत वजनाची तार आहे की नाही हे लिहा. शेनीलखालची तार बाहेरून ओळखता येत नाही, आणि फ्लाय किती खोल उतरेल हे मात्र तिच्यावरच अवलंबून असते.