अनुभव धागा : रस्त्यावर मोडलेल्या नियमाची झळ कोणाला बसली?

धाग्याची सुरुवात, पुणे
पदपथावर दुचाकी घालणे किंवा एकेरी रस्त्यावर उलट दिशेने येणे, यांत काही गैर आहे असे आता कोणाला वाटतच नाही. पक्षाघातानंतर माझ्या आईला चाकाच्या खुर्चीतून न्यावे लागते. खुर्ची चढावी म्हणून आमच्या पदपथाला उतार करून दिला होता. त्यावरूनच दुचाकीस्वार वर येऊ लागले, तेव्हा त्यांना रोखण्यासाठी उताराच्या तोंडाशी खांब रोवण्यात आले. आता दुचाकीस्वार हँडल तिरके करून निघून जातात, खुर्ची मात्र खांबांत अडते आणि भर वाहतुकीत मला आईला डांबरी रस्त्यावरून न्यावे लागते. हे पाहून जीव तुटतो. दंड किती झाला यापेक्षा झळ कोणाला बसली, हे आपण लिहावे अशी विनंती आहे.

निवृत्त मोटरमन, कल्याण
रूळ ओलांडणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही शेजारी पूल असताना लोक कडेवर मूल घेऊन रुळांत उतरतात, कारण गाडीवाल्याने आपल्याला पाहिले म्हणजे गाडी थांबेलच, असा त्यांचा समज असतो. भरधाव लोकल आपत्कालीन ब्रेक लावल्यावरही बरेच अंतर पुढे जाते आणि तेवढ्या वेळात आमच्या हाती केवळ हॉर्न उरतो. अशा प्रसंगानंतर माझे काही सहकारी कित्येक महिने नीट झोपू शकले नाहीत. त्यांनी तर कोणताच नियम मोडलेला नव्हता.

कोल्हापूर
कोपराला अडकवलेले हेल्मेट चौकात पोलीस दिसताच डोक्यावर चढते, हे नित्याचेच आहे. मला खटकते ते मागे बसलेल्या पत्नीचे उघडे डोके. कायद्याने तिलाही हेल्मेट सक्तीचे आहे, पण घरात दुसरे हेल्मेट आणलेलेच नसते.

शेतकरी, सांगली जिल्हा
गळीत हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त ऊस भरून रात्रभर वाहतूक चालते. मागचा दिवा बंद असतो, आणि रिफ्लेक्टर लावलेला असला तरी तो चिखलाने माखलेला किंवा बाहेर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला असतो. रस्त्यातच पंक्चर काढत उभी असलेली अशी ट्रॉली माझ्या पुतण्याला अंधारात दिसली नाही. तो वाचला, मात्र त्याचा उजवा पाय अजून गुडघ्यात वाकत नाही. चालकालाही मी एकट्याला दोष देणार नाही, कारण खेपांवर पैसे मिळत असल्याने दिवा दुरुस्त करण्यासाठी गाडी उभी ठेवणे त्याला परवडत नाही. भरलेली गाडी तशीच पुढे धाडणारे आणि आत घेणारेही तितकेच जबाबदार आहेत. यंदा आमच्या गावातली मुले फाट्यावर ट्रॉल्या थांबवून पदरमोड करून रिफ्लेक्टर चिकटवत आहेत. चालक नाही म्हणत नाहीत, परंतु आमच्या फाट्यापर्यंतचा रस्ता त्यांनी तसाच अंधारात कापलेला असतो.