मदत हवी आहे: पाऊसच कमी, तरी वायपर ब्लेड वर्षभरात जातात का?

सोलापूरकर_चाकावर:
नमस्कार मंडळी. गाडी सोलापुरात असते, उघड्यावर. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. वायपर वर्षातला बहुतेक काळ काचेवर नुसते पडून. ब्लेड गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नवे टाकलेत. यंदा सावंतवाडीला निघालो तर आंबोली घाटात, धुकं आणि पाऊस एकदम, नेमकी माझ्या डोळ्यांसमोर पाण्याची एक पट्टी राहायला लागली. वायपर वर जाताना गप्प, खाली येताना थडथड. समोरच्या एसटीचे दिवे त्या पट्टीत असे पसरायचे की रस्त्याची कड दिसेना.

जेमतेम वापरलेले ब्लेड इतक्यात जातात? गॅरेजवाला आर्मसकट (ब्लेड धरणाऱ्या दांड्यासकट) सगळं बदला म्हणतोय, ते काही पटत नाही. नुसतं रबर बदललं तर चालेल का?

घाटवळण:
वायपरचं रबर पावसानं कमी आणि उन्हानं जास्त मरतं. ऊन, तापलेली काच आणि हवेतला ओझोन यांनी ते कडक होतं, बारीक भेगा पडतात. साधारण ६ ते १२ महिने धरून चाला. सोलापूरच्या उन्हात उघड्यावर असेल तर ६ च्या जवळचा आकडा खरा. वापर किती झाला याला फारसा अर्थ नाही.

थडथडीचं म्हणाल तर, रबराची कड प्रत्येक फेरीत दिशा बदलताना उलटी वळायला हवी, म्हणजे ती काचेवरून ओढली जाते. महिनोन् महिने एकाच जागी पडून कड एका बाजूला वळूनच कडक झाली की ती उलटत नाही. मग एका दिशेला नीट पुसते आणि दुसऱ्या दिशेला अडखळत जाते. पण आर्म किंचित पिळला असेल तरी हेच होतं, त्यामुळे गॅरेजवाला अगदीच थापा मारतोय असं नाही. तरी आधी ब्लेड. नव्या ब्लेडनंही थडथड राहिली तर आर्मकडे बघा. तोही बऱ्याचदा बदलावा लागत नाही, सरळ करता येतो.

काचवाला_भाऊ:
काचसुद्धा बघा हो! डिझेलचा धूर आणि वॉशिंग सेंटरचं वॅक्स काचेवर बसतं. तो थर असला तर नवा ब्लेडही धूसर पुसणार. सौम्य साबणानं काच धुवा, ओल्या फडक्यानं रबराची कड पुसा. रॉकेल-पेट्रोल लावू नका, रबर फुगतं.

सोलापूरकर_चाकावर:
पुसून बघितलं. फडकं काळंकुट्ट झालं, थडथड थोडी कमी झाली, पट्टी मात्र जशीच्या तशी. नखानं चाचपलं तर बरोबर त्याच जागी कड चिरलेली आहे.

घाटवळण:
मग विषय संपला, चीर पुसून जात नाही. तुमचा ब्लेड जुन्या पद्धतीचा, लोखंडी सांगाड्याचा असेल आणि सांगाडा गंजलेला नसेल, सांधे हलत असतील, तर नुसतं रबर घाला, स्वस्तात काम होईल. फ्रेमलेस, म्हणजे बिनसांगाड्याचा, असेल तर सरळ नवाच आणा. सिलिकॉनचे महाग पडतात पण ऊन जास्त सोसतात, तुमच्या गावाला मी तेच सुचवेन. मापं दोन्ही बाजूंची वेगळी घ्या, बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरकडचा लांब असतो. आणि ब्लेड काढल्यावर काचेवर जाड टॉवेल टाका. मोकळा आर्म सुटून आपटला तर काच जाते, मग तुमच्या गॅरेजवाल्याचं बिल काहीच नाही असं वाटेल.

सोलापूरकर_चाकावर:
उन्हाळ्यात वायपर उभे करून ठेवू का? शेजारचे काका ठेवतात.

काचवाला_भाऊ:
तापलेल्या काचेपासून वाचतो, पण ऊन लागायचं ते लागतंच, शिवाय येताजाता कुणी हात लावला की आर्म वाकतो. त्यापेक्षा काच आणि वायपर दोन्ही झाकेल असं कव्हर टाका. नवे ब्लेड मे अखेरीस घ्या. आत्ता दिवाळीत घातलेत तर अख्खा उन्हाळा खाऊनच पावसात उतरतील.