प्रशिक्षकाला नारळ दिला, की त्याचा राजीनामा घेतला?

ओळंबा :
भारतीय संघांच्या पराभवांवरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना मी एका क्रियापदापाशी अडले आहे. संघ हरल्यावर प्रशिक्षकाला काढून टाकणे या अर्थी मूळ लेखकाने 'सॅक' हे एकच क्रियापद सर्वत्र वापरले आहे. मी तिन्ही ठिकाणी 'हकालपट्टी' लिहिले आणि संपादकांनी त्यांपैकी दोन खोडल्या. अनिल कुंबळे यांनी २० जून २०१७ रोजी, म्हणजे चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १८० धावांनी हरल्यानंतर दोनच दिवसांनी, स्वतः राजीनामा दिला होता, आणि ग्रेग चॅपेल यांनी २००७ च्या विश्वचषकातील नामुष्कीनंतर आपल्याला मुदतवाढ नको असल्याचे कळवले होते. उरले फुटबॉल संघाचे इगोर स्टिमॅच, ज्यांना जून २०२४ मध्ये कतारकडून २-१ ने हरल्यावर महासंघाने करार शिल्लक असतानाच काढले. या तिघांनाही लागू पडेल असा एखादा शब्द मराठीत आहे का?

शुद्धमती :
'पदमुक्ती' हा शब्द तिन्ही ठिकाणी निर्दोषपणे बसेल, कारण माणूस आपण होऊन गेला की त्याला घालवले, याविषयी तो काहीच बोलत नाही. वृत्तपत्रांतील 'नारळ दिला', 'डच्चू मिळाला' हे प्रयोग गंभीर लेखनात टाळावेत. राजीनाम्याऐवजी 'त्यागपत्र' लिहिता आले, तर उत्तमच.

रंकाळा :
त्यागपत्र म्हटले की माणूस वानप्रस्थाला निघाल्यासारखा वाटतो. 'राजीनामा' फारसीतून आला म्हणून तो परका ठरत असेल, तर आमच्याकडच्या जमिनींची निम्मी जुनी कागदपत्रे परकी ठरतील. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई, आणि या दोन कागदांची जोडी दप्तरात शेजारी शेजारी लागे. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख. सोडणारा खरोखर राजी होता की सावकाराने त्याला राजी केले होते, हे त्या कागदावरून कधीच कळत नसे. मराठीने त्यावर फार हुशारीने उपाय काढला आहे : माणूस आपण होऊन गेला तर त्याने राजीनामा 'दिला', आणि त्याला जायला लावले तर त्याचा राजीनामा 'घेतला'. कुंबळे यांनी निवेदनात कर्णधाराला आपल्या कार्यपद्धतीविषयी आक्षेप असल्याचे लिहिले होते, एवढे लक्षात घेतले तर तेथे कोणते क्रियापद हवे हे वेगळे सांगायला नको.

जुना स्कोअरर :
हे सारे शब्द एकमेकांच्या जागी चालतात, या गृहीतकालाच माझी हरकत आहे. मैदानावर बसून मी जी मराठी ऐकली, तिच्यात या शब्दांच्या वाटण्या ठरलेल्या होत्या. संघातून वगळलेल्या खेळाडूला डच्चू मिळतो, नेमणूक करून आणलेल्या माणसाला नारळ मिळतो, अधिकाऱ्याची उचलबांगडी होते आणि मंत्र्याची गच्छंती होते. अजित वाडेकरांचेच पाहा. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आलेल्या या कर्णधाराचा संघ १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात ३-० ने हरला, लॉर्ड्सवर ४२ धावांत गुंडाळला गेला, आणि परतल्यावर पश्चिम विभागाच्या संघातही त्यांना जागा मिळाली नाही, म्हणून ते निवृत्त झाले. हा डच्चू होता, नारळ नव्हे. कारण नारळात, कितीही खोटा असला तरी, निरोपाचा मान असतो. पाहुण्याला आणि लेकीलाही आपण नारळ देऊनच वाटेला लावतो.

माळवी :
वाडेकरांचा विषय निघाला म्हणून लिहितो. १९७१ च्या विजयाचे स्मारक म्हणून आमच्या इंदूरमध्ये काँक्रीटची एक भलीमोठी बॅट उभारलेली आहे, तिला विजय बल्ला म्हणतात. १९७४ च्या पराभवानंतर संतापलेल्या लोकांनी तिला काळे फासल्याचे माझे वडील सांगत. ते सांगताना प्रत्येक वेळी 'बिचारी' हा शब्द ते बॅटीला लावत, वाडेकरांना कधीच नाही.

शुद्धमती :
'गच्छंती'बद्दल मात्र राहवत नाही. 'गच्छन्ति' म्हणजे 'ते जातात', हे अनेकवचनी क्रियापद आहे. एका माणसाची गच्छंती व्याकरणदृष्ट्या होऊच शकत नाही. संस्कृतच हवे असेल, तर 'अर्धचंद्र देणे' हा जुना, चित्रमय प्रयोग आहे, ज्यात अंगठा आणि तर्जनी यांच्या अर्ध्या चंद्रात मान पकडून माणसाला दाराबाहेर काढले जाते.

जुना स्कोअरर :
संघाचा सबंध सपोर्ट स्टाफ एकदम काढला, तर अनेकवचनही जुळेल. डच्चूविषयी माझा जुना तर्क असा आहे की तो वेंगुर्ल्याला वखार असलेल्या डचांवरून आला असावा, पण या तर्काला माझ्या हट्टापलीकडे आधार नाही.

रंकाळा :
आपण सारे शब्द काढण्याचेच शोधत आहोत आणि ते सारे मालकाच्या तोंडचे आहेत. तालमीच्या बोलीत वस्तादाला काढण्यासाठी शब्दच नाही, कारण पठ्ठ्याच्या पाठीला माती लागली म्हणून वस्तादाला कोणी घालवत नसे. खासबागेत पडलेला आमच्या गल्लीतला एक पैलवान मी लहानपणी पाहिला आहे. जिंकलेल्याला लोकांनी खांद्यावर घेतले होते, आणि हा पाठीवरची माती न झटकताच सदरा अंगात घालत गर्दीतून बाहेर पडत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत गेलो, तेव्हा तोच एकटा हौदा खणत होता आणि वस्ताद कडेला बसून, त्याच्याकडे न पाहता, मातीत टाकायची लिंबे चिरत होते. या दृश्याला मराठीत काय म्हणावे, हे मला आजही सांगता येत नाही, पण ते 'पदमुक्ती'च्या बरोबर उलट काहीतरी असावे.

शुद्धमती :
वस्ताद पगारी नव्हता, म्हणून त्याला काढण्याचा प्रश्न आला नाही. यात भाषेचे कौतुक कसले?

ओळंबा :
आपणां सर्वांचे आभार मानून मूळ प्रश्नाची आठवण करून देते. स्टिमॅच यांच्यासाठी 'हकालपट्टी' कायम ठेवली आहे, चॅपेल यांच्यापुढे 'मुदतवाढ नाकारली' असे सरळ लिहिले आहे, आणि रंकाळा यांच्या सांगण्यावरून कुंबळे यांच्या बाबतीत 'राजीनामा घेतला गेला' असा बदल करून मजकूर काल पाठवला. आज तो परत आला असून समासात संपादकांचा एकच प्रश्न आहे : 'कोणी घेतला?'

जुना स्कोअरर :
त्याहून आधीचा प्रश्न सुटायचा आहे. कुंबळे यांचा एक वर्षाचा करार त्या स्पर्धेबरोबरच संपत होता आणि वेस्ट इंडीज दौऱ्यापुरती मुदतवाढ तेवढी देऊ केलेली होती. मग राजीनामा दिला काय किंवा घेतला काय, तो नेमका कशाचा होता?